पावागड चढताना काही नाही, उतरल्यावर मांड्या का धरतात? (आणि स्नायूंची ताकद मोजायची कशी?)

मेधा_मांजलपूर

मंडळी, दोन प्रश्न आहेत. दोन्ही पायांचे, म्हणून एकाच धाग्यात विचारते.

रविवारी ऑफिसमधली मंडळी पावागडला गेलो होतो. रोपवे न घेता माचीपासून वर चालत. चढताना भरपूर धाप लागली, दर वळणावर बसत बसत गेलो, पण पाय व्यवस्थित होते. उतरताना दम अजिबात लागला नाही, गप्पा मारत खाली आलो. सोमवारी सकाळी मांड्या भरून आलेल्या. मंगळवारी त्याहून वाईट. ऑफिसचा जिना उतरताना कठडा धरून, आडवी होऊन एकेक पायरी. गंमत म्हणजे चढायला तितका त्रास नाही! ज्या कामात दमच लागला नाही, त्यानंच पाय धरावेत, हे कसं?

दुसरा प्रश्न आईचा. वय ७४. खुर्चीतून उठताना दोन्ही हातांनी रेटा द्यावा लागतो. मध्यंतरी एका ठिकाणी तिला दाखवलं. तिथे बसवून पाय सरळ करायला सांगितला, नडगीवर हातानं दाब दिला आणि कागदावर लिहिलं 'क्वाड्रिसेप्स ४/५' (क्वाड्रिसेप्स म्हणजे मांडीचा पुढचा स्नायू). पाचापैकी चार म्हणजे ऐंशी टक्के ना? ऐंशी टक्के ताकद असलेल्या बाईला खुर्चीतून उठता का येऊ नये?

सेवउसळ

मेधाताई, नवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी आमची अख्खी सोसायटी अशीच आडवी होऊन जिना उतरते. तुम्ही एकट्या नाही.

गोत्रीवाला

लॅक्टिक ॲसिड साठलं असणार. गरम पाण्यानं शेक घ्या, भरपूर पाणी प्या, निघून जाईल.

शरीरक्रिया

@गोत्रीवाला, हे सगळीकडे सांगितलं जातं, पण हिशेब जुळत नाही. लॅक्टेट (ज्याला सगळे लॅक्टिक ॲसिड म्हणतात ते) जास्त तयार होतं चढताना, धाप लागते तेव्हा. आणि थांबल्यावर तास-दीड तासात रक्तातलं प्रमाण पूर्ववत होतं. मंगळवारच्या दुखण्याला रविवारचं लॅक्टेट जबाबदार धरता येणार नाही.

मी वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपण म्हणतो 'स्नायू आकुंचन पावतो' आणि डोळ्यांसमोर येतो तो आखडून लहान होणारा स्नायू. पण स्नायू जोर लावतो तेव्हा त्याची लांबी कमी होईलच असं नाही. पायरी चढताना मांडीचा पुढचा स्नायू जोर लावत लावत आखूड होतो, गुडघा सरळ होतो. हे कॉन्सेंट्रिक. भिंतीला पाठ टेकून अधांतरी खुर्चीत बसल्यासारखं राहिलात तर स्नायू थरथरेपर्यंत जोर लावतो, पण सांधा हलत नाही. हे आयसोमेट्रिक. आणि पायरी उतरताना मागच्या पायाचा गुडघा हळूहळू वाकतो, म्हणजे तोच स्नायू जोर लावत असतानाच लांब होत जातो. हे एक्सेंट्रिक. स्कूटर उतारावर असताना ब्रेक जे काम करतो, ते काम इथे मांडी करते. मांडीनं ते केलं नाही तर माणूस धाडकन खालच्या पायरीवर आदळेल.

आता गंमत बघा. लांब होत असताना स्नायूला आखूड होतानापेक्षा कितीतरी जास्त भार पेलता येतो. जागच्या जागी जेवढा जास्तीत जास्त जोर लावता येतो, त्याहूनही जास्त. त्यामुळे तेवढ्याच वजनासाठी थोडे तंतू पुरतात, ऑक्सिजनही कमी लागतो, म्हणून उतरताना धाप लागत नाही. पण थोडेच तंतू कामाला लागले की प्रत्येक तंतूवर येणारा भार वाढतो, शिवाय तो ताणला जात असतो. त्यातून तंतूंची आतली रचना सूक्ष्म पातळीवर ठिकठिकाणी विस्कटते. मग सूज, मग दुरुस्ती. या सगळ्याला वेळ लागतो, म्हणून दुखणं साधारण १२ ते २४ तासांनी सुरू होतं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळस गाठतं आणि आठवडाभरात जातं. आणि जिना उतरताना जास्त दुखतं, कारण दुखावलेल्या स्नायूकडून तुम्ही नेमकं तेच काम पुन्हा करून घेता.

गोत्रीवाला

लॅक्टिक ॲसिडचं पटलं. पण मी मेकॅनिकलवाला, मला एक खटकतंय. स्नायू फक्त ओढू शकतो, ढकलू शकत नाही, बरोबर? मग ओढत असताना तो लांब कसा होईल?

शरीरक्रिया

अगदी बरोबर, स्नायू फक्त ओढतो. पण तो ओढतोय त्याहून बाहेरचा भार जास्त असेल तर लांब होणारच. रस्सीखेचीत हरणारा संघही पूर्ण ताकदीनं ओढतच असतो, तरी पुढे सरकतो. आतून बघाल तर ॲक्टिन आणि मायोसिन अशा दोन प्रकारच्या धाग्यांची एकमेकांत घसरण असते. हे १९५४ साली दोन वेगळ्या जोड्यांनी 'नेचर'च्या एकाच अंकात मांडलं: अँड्र्यू हक्सली आणि नीडरगेर्के, तसंच ह्यू हक्सली आणि जीन हॅन्सन. दोन्ही हक्सलींचं आपसात नातं नाही. मायोसिनचे हात ॲक्टिनला पकडून आत खेचतात. भार जास्त झाला की पकडलेले हात ताणले जाऊन जबरदस्तीनं सुटतात आणि पुन्हा पकडतात.

माझा सगळ्यात आवडता प्रयोग १९५२चा. ॲबट, बिगलंड आणि रिची या तिघांनी दोन स्थिर सायकली पाठीला पाठ लावून एकाच साखळीनं जोडल्या. एकानं पुढे पेडल मारायचं, दुसऱ्यानं त्याला विरोध करत मागे फिरणारं पेडल रोखायचं. वेग तोच, जोरही तोच, कारण साखळी एकच. तरीही रोखणाऱ्याला ऑक्सिजन फारच कमी लागला. लंडनच्या रॉयल सोसायटीत हे दाखवताना एका लहानखुऱ्या बाईंनी नुसतं रोखून धरत धट्ट्याकट्ट्या पुरुषाला दमवलं, आणि त्यांना स्वतःला फारसं काही झालं नाही. मी दरवर्षी वर्गात हे सांगतो आणि दरवर्षी मागच्या बाकांवरची पोरंसुद्धा मान वर करतात.

दीपा_अलकापुरी

सायकलवाला प्रयोग भन्नाट! वाचनखूण साठवली.

जोर_बैठक

शास्त्र तुम्ही सांगितलंत, अनुभव मी सांगतो. तालमीत नव्या पोराला पहिल्या दिवशी बैठका घालायला लावल्या की दुसऱ्या दिवशी त्याला उकिडवं बसता येत नाही. म्हणून आमचे वस्ताद पहिले काही दिवस मोजक्याच बैठका द्यायचे, पोरगं कितीही मस्तीत असलं तरी. आणि खाली जाताना 'सावकाश, पडू नको' हा त्यांचा धोशा. वर उठणं कुणालाही जमतं, खाली जाताना माणूस ओळखू येतो म्हणायचे. तुमचं एक्सेंट्रिक ते हेच की.

अवांतर: बडोद्यात हा विषय निघाला आणि माणिकरावांचं नाव आलं नाही असं व्हायला नको. गुरू जुम्मादादांच्या नावाचा त्यांचा आखाडा म्हणजे नुसती कुस्तीची जागा नव्हती. प्रा. माणिकराव हाडवैद्य म्हणूनही नावाजलेले होते, निखळलेला सांधा बसवून घ्यायला लोक त्यांच्याकडे यायचे. लोणावळ्याचं कैवल्यधाम १९२४ साली काढणारे स्वामी कुवलयानंद, म्हणजे आपल्या डभोईचे जगन्नाथ गुणे, हे माणिकरावांचेच शिष्य. योगाभ्यासाला यंत्रं लावून मोजमाप करणारे सुरुवातीचे लोक ते. त्यांचा व्यायामाचा पाया आपल्या गावात घातला गेला, ही बडोद्याच्या पोरांना माहीत असायला हवी अशी गोष्ट आहे.

सेवउसळ

+१. डभोईचं मला माहीत नव्हतं, आजोळ तिथलं असून!

शटलकॉक

एक्सेंट्रिकवरून आठवलं. टाचेच्या वरची जाड शीर (अकिलीस टेंडन) दुखायची तेव्हा मला पायरीच्या कडेवर चवडे ठेवून टाच सावकाश खाली सोडायचा व्यायाम दिला होता. वर येताना चांगल्या पायानं यायचं, खाली जाताना दुखऱ्या पायावर भार. स्वीडनच्या आल्फ्रेडसन यांनी १९९८मध्ये मांडलेली पद्धत आहे म्हणे, १५च्या तीन फेऱ्या, दिवसातून दोनदा, १२ आठवडे. सुरुवातीला दुखतं, पण मी पुन्हा कोर्टवर उतरलो.

फिजिओ_ऋता

धागा उशिरा पाहिला. मेधाताईंच्या दुसऱ्या प्रश्नाकडे कुणी वळलंच नाही, आणि मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो.

४/५ म्हणजे ऐंशी टक्के नाही. या आकड्यांत समान अंतर नाहीच. ० म्हणजे काहीच हालचाल नाही. १ म्हणजे स्नायूची नुसती फुरफुर, बोटांना जाणवते पण सांधा हलत नाही. २ म्हणजे गुरुत्वाकर्षणाचा अडथळा काढला, उदाहरणार्थ कुशीवर झोपवून, तर हालचाल होते. ३ म्हणजे गुरुत्वाकर्षणाविरुद्ध हालचाल पूर्ण होते, पण वर थोडाही दाब सहन होत नाही. ४ म्हणजे थोडाफार दाब सहन होतो. ५ म्हणजे नेहमीसारखी ताकद.

आता ३ला किती ताकद लागते बघा. खुर्चीत बसून पाय सरळ करायचा म्हणजे उचलायचं काय, तर नडगी आणि पाऊल. ते वजन शरीराच्या साधारण ६ टक्के. साठ किलोच्या बाईंच्या बाबतीत साडेतीन-पावणेचार किलो. खुर्चीतून उठताना मात्र जवळजवळ सगळं शरीर दोन पायांनी उचलायचं असतं. या दोन टोकांच्या मधलं जे काही आहे ते बहुतेक सगळं '४' या एकाच आकड्यात कोंबलेलं आहे. म्हणून ४ मिळालेला एक माणूस जिना चढतो आणि दुसऱ्याला खुर्चीतून उठवत नाही.

यात पट्टीचा दोष नाही. बोस्टनचे डॉ. लव्हेट आणि त्यांच्या सहकारी विल्हेल्मिन राइट यांनी पोलिओच्या रुग्णांसाठी अशी तपासणी बसवली, विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात. ०-५ची आजची पट्टी ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलची, १९४३ची, युद्धात मज्जातंतूंना झालेल्या जखमांसाठी. शून्यावरून एकावर आला का, एकावरून दोनावर आला का, म्हणजे मज्जातंतू परत जागा होतोय का, हे कळण्यासाठी ती उत्तम आहे, आजही. ७४ वर्षांच्या बाईंना उठता का येत नाही, हे विचारायला ती बनवलेलीच नाही.

जोर_बैठक

ऋताताई, आमचे वस्ताद नुसता दंड दाबून सांगायचे कुणात किती पाणी आहे. हाताला जे कळतं ते आकड्याला कळत नाही.

फिजिओ_ऋता

काका, हाताला खूप कळतं. स्नायूचा ताठरपणा, दुखऱ्या जागी माणूस दचकतो ते, जोर लावताना शेवटी कच खातो ते, सगळं हातालाच कळतं, आणि मी रोज त्यावरच काम करते. पण दोन ठिकाणी हात फसतो. माझं वजन पन्नासच्या आसपास. एखाद्या तगड्या माणसाची मांडी अर्ध्यानं जरी अशक्त झाली, तरी तिला मी हातानं हरवू शकत नाही. मी ५ लिहिणार, आणि ते चूक असणार. दुसरं म्हणजे सहा आठवड्यांनी सुधारणा किती झाली, ते मागच्या वेळचा दाब आठवून ठरवता येत नाही. तिथे छोटं डायनॅमोमीटर (जोर आकड्यात मोजणारं यंत्र) लागतं, नाहीतर सरळ रोजच्या कामाची परीक्षा.

मेधाताई, घरी करण्यासारखी परीक्षा अशी: नेहमीच्या उंचीची, हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. आईंनी हात छातीवर घट्ट बांधून पाच वेळा उठायचं-बसायचं, जमेल तितक्या लवकर. तुम्ही शेजारी उभ्या राहा. आशियाई देशांसाठी २०१९ साली ठरवलेल्या निकषांत १२ सेकंद किंवा जास्त लागले तर लक्ष द्यावं असं आहे. हाताची पकड पुरुषांत २८ किलोच्या आत, बायकांत १८ किलोच्या आत, आणि चालण्याचा वेग सेकंदाला एक मीटरपेक्षा कमी, हेही त्यातच येतं.

सेवउसळ

पकडीवरून: हाताचं मनगट आत पूर्ण वाकवून मूठ आवळून बघा. मूठ धड मिटतच नाही! माझा मुलगा असंच मनगट वाकवून माझ्या मुठीतलं चॉकलेट काढून घेतो.

फिजिओ_ऋता

हुशार आहे मुलगा! बोटं मिटणारे स्नायू मनगटावरून जातात. मनगट वाकलं की ते आधीच आखूड झालेले असतात, आणखी आखडायला जागा उरत नाही. शिवाय बोटं उघडणारे स्नायू दुसऱ्या बाजूनं ताणले जातात. म्हणूनच ताकद मोजताना सांधा कुठल्या कोनात होता ते लिहावंच लागतं.

रावपुऱ्याचे आजोबा

मी मधुमेही. उजवा खांदा जखडला आहे. जानवं बदलताना हात मागे जात नाही, सदऱ्याची बाही घालताना जीव जातो. एक जण म्हणतो स्नायू कमजोर झालाय, डंबेल उचला. दुसरा म्हणतो सांधाच आखडलाय, डंबेलला हात लावू नका. कुणाचं ऐकू?

फिजिओ_ऋता

आजोबा, हे तपासायची साधी रीत आहे, पण निदान डॉक्टरांकडूनच करून घ्या. कोपर बरगडीला चिकटवून काटकोनात वाकवा आणि हाताचा पंजा बाहेरच्या बाजूला न्या, दार उघडल्यासारखा. आधी स्वतः. मग हात पूर्ण सैल सोडून दुसऱ्या कुणाला हलकेच नेऊ द्या. स्वतः नेता येत नाही पण दुसऱ्यानं नेला तर जातो, म्हणजे सांधा मोकळा आहे आणि जोर लावणारा स्नायू किंवा त्याची शीर कमी पडतेय. दोन्ही वेळा एकाच ठिकाणी अडतो, म्हणजे सांध्याभोवतीचं आवरण आखडलंय. मधुमेहात हे दुसरं जास्त दिसतं, आणि त्यात बाहेर वळवणंच सहसा सगळ्यात जास्त अडतं.

दीपा_अलकापुरी

सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा अगदी हेच पाहिलं. सांधा बदललेला, डॉक्टरांनी पाय धरला की सरळ व्हायचा, पण स्वतः सरळ पाय उचलायला गेल्या की गुडघ्यात थोडा वाकलेलाच राहायचा. आम्ही घाबरलो, ऑपरेशन बिघडलं म्हणून. तिथल्या मुलीनं गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवली आणि म्हणाली, आजी, टॉवेल गादीत दाबा. मांडीच्या आतल्या बाजूला, वाटीच्या जरा वर, माझी बोटं ठेवायला लावली. पहिल्या दिवशी बोटांखाली काहीच नाही. सासूबाई दात-ओठ खायच्या, श्वास रोखून धरायच्या, नितंबच आवळायच्या. मग एके सकाळी बोटांखाली काहीतरी कडक झालं आणि वाटी किंचित वर सरकली. त्या मुलीचा चेहरा सासूबाईंपेक्षा जास्त खुलला.

शरीरक्रिया

दुखऱ्या, सुजलेल्या सांध्याभोवतीच्या स्नायूला मज्जासंस्था पूर्ण जोर लावूच देत नाही. स्नायू जागेवर असतो, आज्ञा पोचत नाही. आणि दीपाताईंनी श्वास रोखण्याचं लिहिलं ते सगळ्यांसाठी महत्त्वाचं. सांधा न हलवता जोर लावताना श्वास रोखला की रक्तदाब झपाट्यानं चढतो. मोठ्यानं आकडे मोजायला लावा, श्वास आपोआप चालू राहतो.

मेधा_मांजलपूर

काल आईची परीक्षा घेतली. हात बांधून ती एकदाही उठू शकली नाही. सेकंद मोजायची वेळच आली नाही. आता?

फिजिओ_ऋता

तर मग तुमच्या दोन प्रश्नांचं उत्तर एकच आहे. उठणं जमत नसेल तर बसण्यापासून सुरुवात करा. बसताना मांडी ब्रेकचं काम करते, आणि ते काम उठण्यापेक्षा स्नायूला हलकं जातं, वर शरीरक्रिया सरांनी लिहिलंय तेच. खुर्चीवर कडक उशी किंवा जाड घडी टाकून बैठक उंच करा. उठताना खुशाल हात टेकू द्या. बसताना मात्र हात न टेकता, तुम्ही मनात पाच मोजेपर्यंत सावकाश. धपकन बसलेलं मोजायचं नाही. थोड्या खेपा, एक दिवस आड, आणि जमायला लागलं की घडीची जाडी कमी करत जा. त्याआधी तुमच्या डॉक्टरांना एकदा दाखवा: गुडघा, रक्तदाब, ड जीवनसत्त्व, चक्कर येते का, सगळं.

जोर_बैठक

सावकाश, पडू नको. वस्ताद खूश झाले असते.

गोत्रीवाला

आणि मेधाताईंच्या मांड्यांचं काय? शेक घ्यायचा की बर्फ?

शरीरक्रिया

ज्यानं बरं वाटेल ते घ्या, भरून यायला लागतात तितके दिवस लागतातच. हलकं चालत राहा, पडून राहू नका. मात्र कुणालाही प्रचंड व्यायामानंतर लघवी चहासारखी गडद झाली, किंवा पाय सुजून ताकदच गेली, तर घरी थांबू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. स्नायू मोठ्या प्रमाणावर फुटले की मूत्रपिंडांना धोका असतो.

आणि चांगली बातमी: एकदा असे धरलेले स्नायू पुढचे काही आठवडे त्याच कामाला बरेच सरावलेले राहतात. पुन्हा लवकर गेलात तर इतकं दुखणार नाही.

मेधा_मांजलपूर

मग ऑफिसमधल्या सगळ्यांना पुढच्या महिन्याचंच कळवते. तोवर सोसायटीचा जिना लिफ्ट न घेता उतरायचा.

शटलकॉक

उतरताना पूर्ण पाऊल टेकवा, उड्या मारत नको. आणि काठी घ्या, माचीला भाड्यानं मिळते का बघा.

सेवउसळ

आम्हीपण येतो. सोसायटीसकट.